मॅडमच्या मांगं

तानाबाई आज दोनशे बावन्न मीटर चालल्या. दोन आठवड्यांपूर्वी दोनशे पन्नास चालल्या होत्या.

जागृतीनं आकडा लिहिला आणि पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं. वर्ध्याच्या या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, एवढंच या चाचणीत पाहायचं. तानाबाईंच्या अन्ननलिकेतली कॅन्सरची गाठ काढायची, तर छाती उघडावी लागणार होती. तीनशेच्या आत आल्या तर गुरुवारचं ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलू, असं सर्जननं सकाळीच बजावलं होतं. गाठ मात्र महिनाभर गप्प बसणार नव्हती.

नाचणगावात तानाबाई रोज चालत होत्या. त्यांचे यजमान चिंधूजींनी तशी वहीच ठेवली होती. 'आज नहरापर्यंत. अंडे दोन.' 'आज नहराच्या पुढे.' श्वास ओढायच्या यंत्रातल्या तिन्ही गोळ्या तानाबाई एका दमात वर नेत. मग पायच का अडत होते?

"काकाजी, वहीतलं खरं आहे ना?"

बाकावरचे चिंधूजी दुखावले. "खोटं काऊन लिहीन जी? मायाच्यानं तं चालनं होत नाई, गुडघा हाय. मी सायकलनं जातो तिच्या मांगं. तरी मलेच दम लागते."

जागृतीनं पुन्हा कागद पाहिला. चालण्याआधी नाडी चौऱ्याऐंशी, चालल्यावर अठ्ठ्याऐंशी. सहा मिनिटं जीव लावून चाललेल्या माणसाची नाडी अशी जागच्या जागी राहत नाही.

"मावशी, दम लागला?"

"नाई."

"पाय दुखले?"

"नाई व बाई."

"मग जोरात का नाही चाललात?"

तानाबाईंनी पदर सारखा केला. "तुमीच हळू चालून राह्यल्या होत्या ना."

"मी?"

"आता मॅडम मांगं अन् मी पुढं, बरं दिसते का?"

जागृतीचे कान तापले. तानाबाईंच्या बोटाला नाडीचा चिमटा होता, त्याची वायर आणि यंत्र तिच्या हातात. म्हणून ती दोन्ही वेळा अर्धं पाऊल पुढे चालली होती. तपासणाऱ्यानं रुग्णाच्या पुढे चालू नये, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि इथं तिनं स्वतःचंच चालणं मोजलं होतं, दोनदा, अगदी मीटरपर्यंत अचूक.

अर्धा तास विश्रांती झाली. यंत्र पिशवीत घालून तिनं तानाबाईंच्या गळ्यात अडकवलं आणि स्वतः खुर्चीवर बसली.

तानाबाई पहिल्या खुणेपाशी उभ्याच. "आता कोनाच्या मांगं चालू?"

"कोणाच्याच नाही."

पाऊल काही उचलेना.

"प्रफुल्लच्या माय," चिंधूजी बाकावरून म्हणाले, "पुलगावची बस सुटून राह्यली. तुयासाठी थांबते का कंडक्टर?"

"तुमच्यासाठी थांबवली तं मीच होती, आडवी जाऊन."

"काकाजी, आता बोलायचं नाही," जागृती म्हणाली आणि घड्याळ सुरू केलं.

पहिल्या फेरीत तानाबाईंनी वळताना मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं, पुढेही नव्हतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी पदर कमरेला खोचला. मग चपलांचा आवाज भराभर जवळ येऊ लागला, भराभर लांब जाऊ लागला. चिंधूजी बोटांवर फेऱ्या मोजत होते आणि दोनदा चुकले.

तीनशे अठ्ठेचाळीस. नाडी एकशे अठरा.

आधीच्या दोन्ही आकड्यांपुढे जागृतीनं लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे बाद', खाली सही केली आणि कागद स्वतः सर्जनकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला, एकदा तिच्याकडे पाहिलं. "गुरुवार," ते म्हणाले. "आणि ती पिशवी इथून पुढे सगळ्यांना."

शुक्रवारी, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, तानाबाईंना पलंगावरून उठवलं. छातीतून निघालेली नळी आणि तिची बाटली जागृतीच्या हातात. दारापर्यंत चौदा पावलं. प्रत्येक पावलाला थांबणं, प्रत्येक थांबण्याला कण्हणं. दाराशी तानाबाईंनी चौकट धरली. मान वळवणं जमत नव्हतं.

"मॅडम?"

"आहे मावशी. मागंच आहे."

"तिथंच राहजा," तानाबाई म्हणाल्या आणि उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकलं.