हौसाकाकीचं घमेलं

विमलाने हौसाकाकीचं घमेलं काट्यावरून उतरवलं आणि पुन्हा चढवलं. काटा तेच सांगत होता. नऊ किलो सोललेली कोळंबी, अगदी बाकीच्या बायकांइतकीच.

छे! कुठंतरी पाणी मुरत होतं. जिला चहाचा कप धड धरवत नाही, ती म्हातारी इशरतच्या बरोबरीने सोलते? विमलाने घमेल्यात तळापर्यंत हात घातला. खाली बर्फ नव्हता, टरफलंही नव्हती.

"काय गावलं गो?" इशरतने मान वर न करता विचारलं.

टेबलाभोवती खसखस पिकली. विमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिन्यांपूर्वी ती यांच्यातच बसायची. सुपरवायझर काय झाली, परकी झाली!

मिरकरवाड्याच्या त्या शेडमधून एक बाई कमी करायची होती. सगळ्यांत मंद हाताचं नाव आज काम सुटायच्या आत गुरुप्रसाद सरांना हवं होतं, नाहीतर विमलाने पुन्हा सोलायला बसायचं. आणि ही जागा तिने हाडं झिजवून मिळवली होती. मुलगी तीन महिने दवाखान्यात होती, तेव्हासुद्धा तिचं घमेलं कधी कमी भरलं नव्हतं. त्यावरच खूश होऊन सरांनी तिला वर घेतलं होतं.

ती क्रेटच्या थप्पीआड उभी राहिली. इशरत बर्फ आणायला उठली आणि टोकाला भिंतीशी बसलेल्या हौसाकाकीजवळून जाताना तिची सोललेल्या कोळंबीची मूठ काकीच्या घमेल्यात सुटली. थोड्या वेळाने अलफिया उठली. मग शमिका. दर फेरीला एक मूठ.

विमलाने इशरतला बर्फाच्या खोलीत गाठलं.

"सगळ्या मिळून लबाडी करताय! कधीपासून चाललंय हे?"

इशरतने फावडं खाली ठेवलं.

"तुझी सानवी आजारी होती, तेव्हापासून."

"तिचा इथं काय संबंध?"

"बसल्या जागी पेंगायचीस गो तू. अर्धं घमेलंसुद्धा व्हायचं नाही तुझं."

विमलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती जणींना तिने ते तीन महिने ऐकवले होते!

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर आली असतीस?"

बाहेर सरांचा आवाज आला. विमला तशीच ओल्या हातांनी शेडमध्ये गेली, मागोमाग इशरतही.

"बोला विमलाताई, कोण?"

हौसाकाकीने हातातली कोळंबी खाली ठेवली. सगळ्या बायका आता उघड उघड विमलाकडे बघत होत्या.

"वजन सगळ्यांचं सारखंच भरतंय सर. माझा लबाडीचा संशय हौसाकाकीवर आहे, पण पकडायला थोडे दिवस लागतील." तिने आवाज चढवला. "ऊठ गो काकी! आजपासून टोकाला बसायचं नाही. मधे बस, इशरत आणि अलफियाच्या मधे."

"मग नाव तेव्हाच द्या. जागा बदललीत हे बरं केलंत," सर म्हणाले. "तिथं लक्ष राहील."

"हो सर, दोन्ही बाजूंनी."

इशरतने आपलं स्टूल सरकवून जागा केली.