हिरवे आणि जांभळे

विमान कंपनी बुडण्याचा अनुभव निशिकांत सबनीसच्या घराने एकदा घेतलेला होता. २०१२ साली तो मुंबईत ज्या कंपनीत कॅप्टन होता, तिने आधी पगार थकवले, मग विमानं उभी करून ठेवली आणि शेवटी गाशाच गुंडाळला. नेमकं त्याच सुमारास त्याच्या बायकोला, नीताला, तिच्या बँकेने सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात पाठवलं, म्हणून घर तरलं. निशिकांत तिच्या मागोमाग आला तो बायकोच्या नोकरीवर मिळालेल्या राहण्याच्या पासवर. वर्षभर त्याने वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून पोळ्या शिकून घेतल्या, लेकीला, अवनीला, शाळेच्या बसपर्यंत पोचवलं आणि आभाळात विमानाची घरघर ऐकू आली तरी मान वर करायची नाही, अशी सवय स्वतःला लावून घेतली. त्या वर्षात नीता त्याला एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी दारात चपला काढता काढता "आज काय केलंयस रे?" असं विचारायची, आणि ते जेवणाबद्दल असायचं.

मग इथल्याच एका छोट्या, स्वस्त तिकिटांच्या कंपनीने त्याला कॅप्टन म्हणून घेतलं. तिच्या विमानांच्या शेपट्या हिरव्या होत्या, त्यामुळे वैमानिक स्वतःला 'हिरवे' म्हणवत. कंपनी लहान, पण माणसं ओळखीची. सुटी मागितली तर रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, करणारी बाई आधी मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारायची. तीन वर्षं अशी छान गेली.

एके दुपारी कोचीहून विमान आणून त्याने चांगी विमानतळावर उतरवलं, फोन सुरू केला आणि तो वाजायचा थांबेचना. हिरवी कंपनी जांभळ्या शेपट्यांच्या मोठ्या कंपनीत विलीन होणार होती.

"कोणाचीही नोकरी जाणार नाही," असं वरिष्ठांनी सभेत सांगितलं, आणि तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. नोकरी राहणार होती, बाकी सगळं बदलणार होतं. ज्येष्ठता यादीत सगळे हिरवे कॅप्टन जांभळ्या कॅप्टनांच्या खाली जाणार होते. परगावचे मुक्काम बंद. जायचं आणि त्याच दिवशी परतायचं. शिवाय प्रत्येक हिरव्या कॅप्टनने सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, जांभळ्यांच्या पद्धतीने परीक्षा द्यायची. दोन संधी. दोन्ही हुकल्या तर कॅप्टनची डावी खुर्ची गेली. उजवीकडे को-पायलट म्हणून बसायचं किंवा नमस्कार करून निघायचं.

जांभळ्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांचे को-पायलट कॅप्टन व्हायची वाट बघत वर्षानुवर्षं थांबलेले, आणि आता हिरव्यांचे कॅप्टन आयते येऊन बसणार म्हटल्यावर त्यांच्या बढत्या थांबल्या. विमानतळावरच्या क्रू रूममध्ये हळूहळू दोन टेबलं झाली, कोणी न सांगता. निशिकांतचा जुना सहकारी श्रीनिवास म्हणाला, "इथे कॉफीसुद्धा आश्रितासारखी प्यावी लागते." तो परीक्षेला थांबलाच नाही. बायकामुलांना इथेच ठेवून तो व्हिएतनामच्या कंपनीत निघून गेला.

निशिकांत थांबला. परीक्षेच्या दिवशी त्याच्या शेजारी को-पायलट म्हणून एक जांभळी मुलगी दिली होती. पेई लिंग तिचं नाव. तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. कॅप्टनपदासाठी थांबलेल्यांत ती अगदी पुढे होती, हे त्याला ठाऊक होतं. आपण नापास झालो तर एक खुर्ची रिकामी होईल आणि ती कदाचित हिलाच मिळेल, हेही त्याला कळत होतं.

सुरुवात चांगली झाली. मग परीक्षक कॅप्टन हाफिझ यांनी टेकऑफनंतर लगेच उजव्या एंजिनाला आग लावली. सिम्युलेटरमधलीच, पण घंटा आणि लाल दिवे तंतोतंत खरे. अशा वेळी पेटलेलं एंजिन बंद करायचं असतं, आणि घाईत भलतंच बंद होऊ नये म्हणून दोघांनी मिळून ते ठरवायचं असतं. हिरव्यांत कॅप्टन म्हणे, "गो अहेड," की को-पायलट लिव्हर ओढी. जांभळ्यांत को-पायलट लिव्हरवर हात ठेवून विचारतो, आणि कॅप्टन नीट बघून "कन्फर्म्ड" म्हणाला की मगच तो ओढतो.

पेई लिंगने हात ठेवून विचारलं. निशिकांतच्या तोंडून सवयीने निघालं, "गो अहेड."

ती थांबली. तिला हवा होता तो शब्द आलाच नव्हता. आणि निशिकांतला वाटलं, ही गडबडलेली दिसते. त्याने स्वतःच हात लांब केला आणि लिव्हर ओढली.

सिम्युलेटर थांबला. मागून हाफिझ शांतपणे म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही योग्य तेच एंजिन बंद केलंत. विमानही सुरेख सांभाळलंत. पण शेजारच्या माणसाने 'हो' म्हणायच्या आत एंजिन बंद करणारा कॅप्टन मी पास करू शकत नाही."

निशिकांतने मान डोलावली. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन तो कितीतरी वेळ बूटही न काढता बसून राहिला. नीता आली, तिने एकदा पाहिलं आणि पर्स ठेवून समोर बसली.

"नापास?"

"हो. एक संधी आहे अजून."

"काय चुकलं?"

"शब्द. मुंबईपासूनची बारा वर्षांची जीभ आहे गं, ती वळत नाही."

"मग कोणाबरोबर तरी सराव कर."

"कोणाबरोबर करू? ज्यांना येतं, त्यांच्याच वाटेत मी उभा आहे. ते कशाला मदत करतील?"

नीताने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "त्या वेळी तू वर्षभर घरी होतास ना, तेव्हा मी रोज ऑफिसला निर्धास्त जात होते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन. तेवढं डोक्यातून काढून टाक आणि मग परीक्षेला बस."

तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, हिचे आभार मानायचे तर सुरुवात कुठून करायची? त्याने उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी पेई लिंगचा मेसेज आला. 'शनिवारी रिकामे आहात का? हौगांगला माझ्या घराखाली या. मॅन्युअल आणा.' खाली ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, नंबर.

तो जरा साशंक मनानेच गेला. ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत सिमेंटची गोल टेबलं होती. त्यातल्या एकावर पेई लिंगने कॉकपिटचं मोठं कागदी चित्र पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती: सगळे दिवे, सगळी बटणं, मधोमध दोन्ही एंजिनांच्या लिव्हरी. त्या टेबलावर रोज बुद्धिबळ मांडणारे दोन म्हातारे शेजारच्या बाकावर जरा रागावूनच बसले होते.

"बसा कॅप्टन," ती म्हणाली. "उजव्या एंजिनाला आग."

"आत्ता? लगेच?"

"आग काय अपॉइंटमेंट घेऊन लागते?"

तासभर ते कागदावर बोटं ठेवून एंजिनं बंद करत राहिले. निशिकांत चारदा चुकला. पाचव्यांदा त्याचं तोंड 'गो' म्हणायला उघडलं आणि मिटलं, मग "कन्फर्म्ड" बाहेर पडलं. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. तोवर पेई लिंगची आई वरून थंड बार्लीचं पाणी घेऊन आली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिने निशिकांतच्या हातात पेला दिला, कागदी विमानाकडे पाहिलं आणि हसली.

ती वर गेल्यावर निशिकांतला राहवलं नाही. "पेई लिंग, मी नापास झालो तर तुझा फायदा आहे. मग हे का करतेस?"

तिने पेन खाली ठेवलं. "राग आहे मला, कॅप्टन. सात वर्षं थांबले आहे मी. पण यादी काही तुम्ही केलेली नाही. ती ऑफिसने केली. त्यांच्यावरचा राग तुमच्यावर काढून काय करू?" मग खांदे उडवून, इथल्या सगळ्यांसारखं बोलण्याला 'लाह' जोडत म्हणाली, "आणि तुम्ही पास झालात तर तुमच्या शेजारी बसणार कोण? मीच लाह! माझ्या परवानगीशिवाय माझं एंजिन बंद करणारा माणूस मला शेजारी नको. स्वार्थच आहे म्हणा ना."

निशिकांत हसला. मुंबईतली कंपनी बंद पडली तेव्हा आपलेच मित्र एकमेकांचे फोन उचलेनासे झाले होते. इथे एक परकी मुलगी सुटीच्या दिवशी त्याच्यासाठी कॉकपिट चिकटवून बसली होती.

तो पुढच्या शनिवारीही गेला. मधल्या दिवसांत घरीही सराव चालला. नीता पोळ्या लाटता लाटता को-पायलट व्हायची, लाटणं टेकवून विचारायची, "उजवं एंजिन?" आणि तो तव्याकडे नीट बघून म्हणायचा, "कन्फर्म्ड." अवनी अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं सो वियर्ड लाह," पण गेली नाही, हसत ऐकत राहिली.

दुसऱ्या परीक्षेला हाफिझ यांनी आग लावली ती टेकऑफला नाही, उतरताना, पावसात. निशिकांतचे हात विमान धरून होते. पेई लिंगने लिव्हरवर हात ठेवून विचारलं. त्याने दिवा पाहिला, लिव्हर पाहिली, तिच्याकडे पाहिलं.

"कन्फर्म्ड."

बाहेर आल्यावर हाफिझ यांनी हात पुढे केला. "वेलकम, कॅप्टन. आता तुम्ही आमच्यातले."

पेई लिंग तोवर बॅग उचलून लिफ्टकडे निघाली होती. तिने वळून फक्त अंगठा दाखवला.

काही महिन्यांनी नवी विमानं येणार असं कळलं आणि कॅप्टनच्या थोड्या जागा निघाल्या. लगेच जुना तंटा उकरला गेला. वैमानिकांच्या संघटनेची सभा भरली. हिरवे म्हणाले, निम्म्या जागा आमच्या को-पायलटांना. जांभळे म्हणाले, एकही नाही. आवाज चढले. निशिकांत सहसा सभेत बोलत नसे. तो उभा राहिला.

"रंग सोडा," तो म्हणाला. "कोणी कुठल्याही कंपनीतून आलेला असो, ज्याची को-पायलट म्हणून जास्त वर्षं झालीत, त्याला आधी बोलवा. आपण सगळे एकाच विमानात शेजारी शेजारी बसणार आहोत."

ते बरीच चर्चा होऊन मान्य झालं, पुढे ऑफिसनेही मानलं. पण बाहेर पडताना प्रबोधने त्याला गाठलं. प्रबोध पुण्याचा, हिरव्यांतलाच को-पायलट. निम्म्या जागा मिळाल्या असत्या तर त्याचा नंबर लागला असता.

"सर, तुमची खुर्ची तुम्ही वाचवलीत," तो म्हणाला, "आणि माझी देऊन टाकलीत."

निशिकांतला ते लागलं. आपण एकीचे उपकार दुसऱ्याच्या खिशातून फेडले की काय, हा प्रश्न त्याने घरी जाताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर एकच येत होतं: प्रबोध चार वर्षांपूर्वी आलेला, पेई लिंग सात. ती त्याची कोणी नसती तरी हेच न्यायाचं होतं. पण उत्तर बरोबर आलं म्हणून मन हलकं झालं नाही. प्रबोध बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलला. एकदा पेनांगच्या फेरीला दोघांची जोडी लागली, तेव्हा परतताना प्रबोधने आपल्या डब्यातली चकली पुढे केली. निशिकांतने ती घेतली आणि खाल्ली.

त्या साली दिवाळीच्या आठवड्यात पेई लिंगला कॅप्टनच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. नीता म्हणाली, "आता तरी तिला घरी बोलाव. मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही तिला."

रविवारी पेई लिंग आईला घेऊन वुडलँड्सला आली. सकाळपासून नीता स्वयंपाकघरात इंग्रजीत काय काय बोलायचं ते जुळवत होती. ऑफिसात ती दिवसभर इंग्रजीच बोलायची, पण हे बोलणं तिला कागदी वाटत होतं. "मीटिंगचे मिनिट्स वाचल्यासारखं होतंय रे," असं ती दोनदा म्हणाली.

बेल वाजली. नीताने दार उघडलं. समोर साध्या टीशर्टमधली ती सडपातळ मुलगी पाहिली आणि जुळवलेलं सगळं विसरून तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ये गं बाई, ये," ती मराठीतच म्हणाली. "आत ये. बस."

पेई लिंगने गोंधळून निशिकांतकडे पाहिलं. तो अर्थ सांगायला पुढे झाला. पण त्याआधीच ती थोडी हसली, दारातच बूट काढले आणि नीताचा हात न सोडता आत आली. तिच्या आईने डबा पुढे केला. त्यात घरी केलेले नारळाचे हिरवे गोड तुकडे होते. अवनीने झाकण उघडून पाहिलं आणि ओरडली, "आई, प्लेट्स!"