किशोरची तुला

लेफ्टनंट रागिणी संत्र्यांच्या तुलेला तयार झाली ती एकाच अटीवर. "किशोरदादाची तुला पयले. नाई त मी येतच नाई!" असं तिनं किसनरावांना फोनवर ठणकावलं होतं. किसनराव म्हणजे शेंदूरजनाघाटातले संत्र्यांचे बडे व्यापारी, सत्काराचे सर्वेसर्वा. "हो ना पोरी, आन त्याले," असं म्हणालेही होते.

आणि आता बघते तर काय! अकोल्याहून बसनं आलेला, तिच्याच तुकडीतला नायक किशोर मंडपात पार मागे, भज्यांच्या कढईजवळ बसवलेला. बॅनरवर रागिणीचा फोटो, त्याहून मोठा किसनरावांचा. किशोर कुठंच नाही.

रागिणीचं डोकं असं सणकलं! छातीवरचं सेना मेडल तिला टोचायला लागलं.

नवीकोरी वर्दी अंगावर चढून चारेक महिनेच झाले होते, तेव्हा सीमेवर तोफा सुरू झाल्या. पुढच्या ठाण्याची टेलिफोनची तार तुटली. ती जोडायला रागिणी निघाली, डोक्यात नुसता जोश. "मॅडम, माया पावलावर पाऊल टाका," म्हणत किशोर पुढं झाला. तार जोडली गेली, ठाण्याला मदत मागता आली, माणसं वाचली. परतताना गोळा पडला नि किशोरचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मेडल मात्र आलं तिच्या एकटीच्या नावावर.

ती मंचावरून उतरली नि तडक त्याच्यापाशी गेली.

"चला."

"राहू द्या ना मॅडम. इथं भजे गरम भेटून राहिले."

"हुकूम आहे!"

किशोर उठला. खोटा पाय टाकत, सगळ्या खुर्च्यांमधून तिच्यासोबत मंचावर आला. झेंडूच्या माळा बांधलेला मोठा तराजू तिथं टांगलेला होता. किसनरावांनी तोंडभर हसून त्याला हार घातला, मग तराजूवाल्याला म्हणाले, "बसू दे त्याले. पन त्या पायाचं वजन कापजो. रिकाम्या क्रेटचं कापतोच ना आपन? माल तेवढा धराचा."

गंमत नव्हती ती. जन्मभर मंडीत वजन कापलेला माणूस, सवयीनं बोलून गेला. पुढच्या रांगेत दोघं-तिघं मात्र फिदीफिदी हसले.

"काका!" रागिणीचा आवाज माईकशिवाय रस्त्यापर्यंत गेला. "माल? तुमाले हा माल दिसते? हसता काहून रे? उठा, तोंडावर हसा याच्या!"

कुणी उठलं नाही. किशोरच शांतपणे पारड्यात बसला, पट्टे सोडले, पाय काढला नि किसनरावांच्या हातात दिला.

"घ्या काका. बराबर आहे तुमचं. हा कापा."

किसनराव पाय धरून उभे. खाली ठेववेना, कुणाला देववेना.

दुसऱ्या पारड्यात संत्री पडू लागली. दोन्ही पारडी बरोबरीला आली तसा तराजूवाला थांबला. रागिणीनं क्रेट हिसकावून घेतलं नि स्वतः ओतायला लागली. एक क्रेट. दुसरं. पारडं धाडकन खाली टेकलं, संत्री मंचभर घरंगळली.

"मॅडम, मी वर लटकलो ना!" किशोर ओरडला.

"बस कर पोरी," किसनराव पुटपुटले, "वजन कवाच भरलं."

"नाई भरलं," रागिणीनं तिसरं क्रेट उचललं. "त्या पायाच्या जागी जो होता, त्याचं राह्यलं."