धनाजी असलेले फोटो

रावसाहेब एसटीत कंडक्टर होते, पण वस्तीत त्यांना सगळे फोटोवाले अण्णाच म्हणायचे. मोहोळ-टेंभुर्णीच्या फेऱ्या संपवून घरी आले की खाकी शर्ट खुंटीला आणि कॅमेरा गळ्यात. जयंतीची मिरवणूक असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर कुणाच्या दारात नवी मोटरसायकल आलेली असो, अण्णा हजर. डिजिटल कॅमेरा हातात आल्यावर तर त्यांना धरबंदच उरला नाही. रिळावरचे जुने फोटोही त्यांनी सीडीवर उतरवून घेतले आणि अल्बम ज्याचे त्याला वाटून टाकले. ते गेले तेव्हा मागं उरलं ते एवढंच: बुटाच्या खोक्यात मावणार नाहीत इतकी मेमरी कार्डं, सीडीच्या चळती, बंद पडलेले मोबाइल आणि टेबलावरचा एक कॉम्प्युटर.

ते सगळं कीर्तीनं, त्यांच्या लेकीनं, अंगावर घेतलं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला भाजी-भाकरी करून ठेवायची आणि माहेरी येऊन अण्णांच्या टेबलाशी बसायची. आई अण्णांच्या आधीच गेली होती; माहेरी आता तिचा थोरला भाऊ प्रदीप एकटाच राहत होता. काम सोपं नव्हतं. एकच फोटो पाच-सहा ठिकाणी साठवलेला. अण्णांनी कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नव्हतं, त्यामुळं निम्म्या फोटोंच्या तारखा खोट्या. कीर्ती आईच्या केसांकडं बघून साल ठरवायची. कानशिलं पांढरी झालीत म्हणजे प्रदीपच्या नोकरीनंतरचं. वेणी काळीभोर म्हणजे आपण शाळेत असतानाचं.

वर्षावर्षाचे कप्पे लागले, मग तिनं चेहऱ्यांना नावं दिली. एकदा नाव लिहिलं की कॉम्प्युटर त्या माणसाचे सगळे फोटो आपणहून गोळा करून द्यायचा. सगळ्यात जास्त फोटो निघाले आईचे, येसूबाईचे. आणि तिच्या खालोखाल प्रदीपचे नाहीत, कीर्तीचेही नाहीत, तर धनाजीचे.

धनाजी मागच्या गल्लीतला. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि तेव्हापासून तो प्रदीपच्या शेजारी बसूनच जेवला. येसूबाईनं दोन ताटं कधी वेगळी वाढली नाहीत. पुढं तिच्या किडन्या गेल्या तेव्हा डायलिसिसला प्रदीपपेक्षा धनाजीच जास्त वेळा घेऊन गेला. दवाखान्याच्या आवारात अण्णांनी काढलेला एक फोटो होता. धनाजी तिच्या कानाशी काहीतरी सांगतोय, तिचा पदर खांद्यावरून घसरलाय, आणि ती तोंड उघडं टाकून हसतेय. त्यानंतर ती कुठल्याच फोटोत हसली नाही.

काम संपलं तेव्हा कीर्तीनं जुनी कार्डं, सीडी आणि मोबाइल भंगारात दिले आणि सगळ्या फोटोंच्या तीन प्रती केल्या. एक अण्णांच्या टेबलावर, एक तिच्या घरी डिस्कवर, एक इंटरनेटवर. टेबलावर जे बदलेल ते बाकीच्या दोन्हीकडं आपोआप बदलावं, अशी सोय लावली. नवीन फोटो टाकले की वेगळी आठवण ठेवायला नको.

"एवढं कशाला गं?" प्रदीप म्हणाला होता.

"उद्या घराला आग लागली, चोरी झाली, तरी अण्णांचं काम राहील की, दादा."

आग आणि चोरी तिनं धरली होती. घरातलं माणूस तिनं धरलं नव्हतं.

महापालिकेची निवडणूक लागली. पक्षाचं तिकीट प्रदीपला मिळालं, आणि धनाजी अपक्ष उभा राहिला. आठ दिवसांत दोघं एकमेकांच्या गल्लीतून जाईनासे झाले. प्रदीपनं कीर्तीला फोन करून अण्णांच्या फोटोंचा पासवर्ड मागितला.

"व्हिडिओ करायचाय. आपल्या घराण्यानं वस्तीसाठी काय केलं, ते दाखवायचंय."

तिनं आनंदानं दिला. अण्णांचे फोटो लोकांसमोर येणार, याचंच तिला अप्रूप.

प्रदीप निवडणूक हरला. धनाजी निवडून आला. त्या रात्री धनाजीच्या दारात फटाके वाजले, आणि प्रदीपनं चार दिवस दार उघडलं नाही. कीर्तीला त्याची कीव आली. तिनं डबे पाठवले, फोन केले. फोटोंचा विषय डोक्यातही नव्हता.

उन्हं तापायला लागली तेव्हा आईचा स्मृतिदिन आला. हारासाठी तोच तो रडका पासपोर्ट फोटो नको, या वर्षी हसरा मोठा करून लावू, म्हणून कीर्तीनं डिस्क जोडली. दवाखान्याचा कप्पा उघडला. तो फोटो नव्हता. तिला वाटलं, आपणच दुसरीकडं टाकला. इंटरनेटवर बघितलं. तिथंही नव्हता. मग तिनं धनाजीचं नाव लिहिलं. पडदा कोरा.

एकही नव्हता. पंगतीतले नाहीत, सायकलवरचे नाहीत. तिच्या स्वतःच्या हळदीत धनाजीनं तिच्या गालाला हळद फासली होती, तो नाही. आई जिथं जिथं त्याच्या शेजारी उभी होती, तिथून तीही गेली होती. आणि आई तर कायम त्याच्या शेजारीच असायची.

ती तशीच रिक्षा करून माहेरी गेली. प्रदीप चहा पीत होता.

"दादा, धनाजीदादाचे फोटो कुठं गेले?"

"मी पुसले." त्यानं कपही खाली ठेवला नाही. "व्हिडिओ करायला घेतला तर दर दुसऱ्या फोटोत तेच थोबाड. आपल्या पैशानं त्याचा प्रचार करायचा व्हय? डोकं फिरलं. त्याचं नाव टाकलं, सगळे एकदम निवडले, उडवून टाकले. तूच तर सोय करून ठेवलीस. बरं झालं, नाहीतर महिना लागला असता."

"त्यात आई होती, दादा."

"आईचे आहेत की ढीगभर."

"हसणारा नाही राहिला एकपण."

त्यानं उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "तुझ्याकडं दुसरी प्रत असंल की. तू एवढी शिकवतेस पोरांना."

तिच्याकडची प्रत तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या प्रतीला बांधून ठेवली होती. इंटरनेटवर पुसलेले फोटो महिनाभर कचऱ्याच्या डब्यात राहतात, ती मुदतही कधीच संपली होती. ती चपला घालून बाहेर पडली. बोलली असती तर रडली असती, आणि त्याच्यासमोर तिला रडायचं नव्हतं.

नवी पेठेत पुसलेले फोटो काढून देणाऱ्या एका दुकानात तिनं दोन्ही डिस्क दिल्या. दुकानदार सिद्धाराम म्हणाला, "ताई, याच्यावर नंतर लई व्हिडिओ टाकलेत. जागा भरलीय. जेवढं निघंल तेवढं काढतो." निघालं ते फार थोडं. दवाखान्यातला फोटो निघाला, पण वरचा भागच तेवढा. आईचं कपाळ, मिटत आलेले डोळे, नाकापर्यंतचा चेहरा. त्याच्या खाली सगळं राखाडी. डोळ्यांवरून कळत होतं की ती हसतेय, पण हसू नव्हतं.

स्मृतिदिनाला पासपोर्ट फोटोलाच हार घातला.

पावसाळ्यात प्रदीपचा फोन आला. आवाजात हुरूप होता. धनाजी त्याच्याच पक्षात येत होता, आणि प्रदीपला कुठल्याशा समितीवर घ्यायचं ठरलं होतं. धनाजीचा सत्कार प्रदीपच करणार होता.

"बॅनरला आमचा दोघांचा लहानपणचा फोटो पाहिजे. सायकलवरचा."

"तू पुसलास तो."

"अगं बघ की कुठंतरी. असं कसं एकपण नाही?"

सत्काराला ती गेली, कारण धनाजीनं स्वतः बोलावलं होतं. बॅनरवर दोघांचे वेगवेगळे फोटो शेजारी शेजारी चिकटवले होते. हार-तुरे झाल्यावर प्रदीप सगळ्यांदेखत म्हणाला, "जुने फोटो लावणार होतो, पण हिच्या कॉम्प्युटरमधून उडाले."

"उडाले नाहीत," कीर्ती धनाजीला म्हणाली. "दादानं पुसले. निवडणुकीच्या वेळी. तुझा चेहरा होता म्हणून, आणि त्यात आईपण गेली."

कीर्तीनं धनाजीकडं बघितलं. तिला वाटलं, निदान याला तरी लागेल. याच्या डोळ्यांत तरी आई येईल.

धनाजी हसला. त्यानं प्रदीपच्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे गं कीर्ती. राजकारणात चालतंय असलं. अण्णांनी मला दिलेला अल्बम व्हता नव्हं का, तो मीबी तवाच पेटवला. ह्याचं तोंड बघायचं नव्हतं मला."

"सगळा?"

"सगळा की."

प्रदीप मोठ्यानं हसला. "म्हणजे फिटंफाट!" दोघांनी टाळी दिली, आणि समोरून कुणीतरी त्या टाळीचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कीर्ती माहेरी गेली आणि अण्णांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, डिस्क, कॅमेरा पोत्यात भरायला लागली. प्रदीपनं अडवलं नाही. उलट रिक्षापर्यंत कॉम्प्युटरचा जड डबा त्यानंच उचलून आणला.

"ने बाई. समितीची माणसं येतील आता, बसायला जागा नाही हितं. टेबल तरी मोकळं झालं."

तिनं पोतं पायाशी ओढून घेतलं. रिक्षा सुरू झाली.