आईच्या पावातली साखर

ओलीटा प्रुइटने एकोणनव्वद वर्षांच्या आयुष्यात मक्याच्या पावात साखर घातली नव्हती. चिमूटभरसुद्धा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात, साखर केकमध्ये जाते, चहात जाते. पावात घालतात ते उत्तरेकडचे लोक, आणि त्यांना स्वयंपाकातलं काय कळतं! आणि आता रेडिओवर तिच्याच पोटचा मुलगा गात होता, 'आईच्या तव्यातला तो साखरेचा पाव.'

"कुठल्या तोंडाने गायला हा मेला?" ती रेडिओवरच ओरडली.

तिचा हा मुलगा हॉयट सत्तरीला टेकला होता. त्याच्या पाइनटार बँडचं बारा वर्षांनी नवं गाणं आलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी हीच पोरं तिच्या परसात गिटारी बडवायची आणि भूक लागली की तिच्याच तव्यावर तुटून पडायची.

चर्चच्या पायरीवर तिथल्याच व्हर्ना स्टब्जने कहर केला. साखरेचं पाकीट ओलीटाच्या हातात ठेवून म्हणाली, "घे गं, संपली असेल. तुझं गुपित आता साऱ्या देशाला कळलंय!" बायका फिदीफिदी हसल्या. जखमेवर मीठ चोळणारे ओलीटाने पुष्कळ पाहिले होते; साखर चोळणारी ही पहिलीच. अंगाची नुसती लाहीलाही झाली. पाकीट तिने पर्समध्ये टाकलं आणि घरी येऊन मुलाला फोन लावला.

"अगं आई, गाणं नॅशव्हिलच्या पोरांनी लिहिलंय. चालीत बसलं, गायलो. एक शब्द तर आहे!"

"एक शब्द? माझी अब्रू आहे ती! गाताना जीभ अडखळली नाही तुझी?"

"लोकांना आवडतंय गं."

"लोक माझ्या चुलीपाशी वाढले नाहीत. तू वाढलास. रविवारी चर्चचं वार्षिक जेवण आहे. ये, आणि सगळ्यांसमोर चूक कबूल कर."

"करतो, बाई. तुझ्या हातची चव मी विसरेन होय?"

हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. खरंच विसरला नसेल?

रविवारी सकाळी तिने बिडाचा तवा तापवला, डुकराची चरबी सोडली, मक्याचं पीठ ताकात कालवलं. मग व्हर्नाचं पाकीट फोडलं. आणि वाटीभर साखर पिठात ओतली.

ओकच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. हॉयट आला, हॅट काढून उभा राहिला. "मंडळी, माझ्या आईच्या पावात साखरेचा कणही नसतो. गाणं चुकलं. मी चुकलो." टाळ्या पडल्या.

"खा आता," ओलीटा म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे तुकडा ठेवला. शेजारी बसलेल्या व्हर्नानेही एक उचलला.

हॉयटने डोळे मिटून घास घेतला. "हाच! अगदी हाच! पन्नास वर्षांत काडीचा फरक नाही."

व्हर्नाचा घास तोंडातच थांबला. तिने ओलीटाकडे पाहिलं. आता ही सगळ्या टेबलाला सांगणार, ओलीटाला वाटलं. व्हर्नाने घास गिळला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बिनसाखरेचा पाव करावा तर ओलीटाने."

ओलीटाचा राग तिथेच विझला. राग होता तोच बरा होता, असं तिला वाटलं.

"आई, अजून एक दे ना," हॉयट म्हणाला.

तिने दिला.