मधुकरच्या कानांसाठी तीन कोटेशनं

सलग तीन रविवार मधुकर आला नाही, तेव्हा चौथ्या रविवारी मी फोन केला. तो म्हणाला, "दत्ता, अरे कान गेले बहुतेक. गाणं नीट ऐकू येत नाही. आता येऊन काय करू?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. तो पहिल्यापासून मोजकंच बोलतो.

मला धक्का बसला. बत्तीस वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन मी कलकत्त्याला आलो, तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेला हा पहिला माणूस. जन्म इथला, कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, मराठी चोख, फक्त "चहा खातोस का?" असं विचारायचा. ते अजूनही विचारतो, कारण बंगालीत चहा खातात. माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी आहेत म्हटल्यावर तो पुढच्याच रविवारी बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर आला आणि मग येतच राहिला. सियालदहहून लोकल पकडायची, नऊला आमच्याकडे, बाराला परत. या शहरात मला माझ्या हुद्द्यासकट ओळखणारे पुष्कळ होते. निवृत्तीनंतर त्यातला एकही फिरकला नाही. नुसता दत्ता म्हणून ओळखणारा हा एकटाच, आणि तोही आता येणार नव्हता. मला हे अजिबात चालणार नव्हतं.

मी सव्वीस वर्षं एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात काढली आहेत. अडचण आली की लोक देवाला हात जोडतात, मी मागणीपत्र लिहितो. मधुकरला ऐकू येत नाही, म्हणजे आवाज वाढवायला हवा. स्पीकरचा आवाज वाढवला तर खालच्या मजल्यावरच्या भट्टाचार्यबाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. म्हणजे हेडफोन हवेत. सिद्धेशचे, म्हणजे आमच्या चिरंजीवांचे, मोठाले हेडफोन कपाटात पडून होते. माझ्या सगळ्या रेकॉर्डीही त्यानं मोबाइलमध्ये भरून दिल्या आहेत. पण हेडफोन मोबाइलला जोडले तर डास गुणगुणावा एवढाच आवाज.

सिद्धेश बंगलोरला असतो. त्याला फोन केला, तर तो म्हणाला की हे हेडफोन दांडगे आहेत, मोबाइलच्या अंगात तेवढा जोर नसतो, मध्ये एक छोटा ॲम्प्लिफायर लागतो. काड्यापेटीएवढा मिळतो, खिशात मावतो. मला कल्पना एकदम पटली. मधुकर संकोची माणूस. कानात यंत्र घाल म्हटलं तर घालणार नाही, पण कुर्त्याच्या खिशातला ॲम्प्लिफायर कोणाला दिसतोय? सिद्धेशनं लगेच एका ॲम्प्लिफायरची लिंक पाठवली आणि म्हणाला, ऑनलाइन मागवा, परवा येईल.

म्हणजे एकाच पुरवठादाराकडून, निविदा न मागवता, केवळ मुलगा म्हणतो म्हणून. असल्या खरेदीवर मी लोकांना मेमो दिलेले आहेत.

मी बसून तपशीलपत्र तयार केलं. आठ कलमं झाली. वजन: कुर्त्याचा खिसा लोंबणार नाही इतके. चार्जिंग: एक अखंड रविवार पुरेल असे. बटण: चष्म्याशिवाय सापडेल असे. गाण्यातल्या शांत जागी खरखर नसावी. वगैरे. शारदानं, म्हणजे सौभाग्यवतींनी, ते भाजी निवडता निवडता वाचलं आणि विचारलं, "अहो, पण मधुभावोजींना एकदा समोर बसवून विचारा ना, नक्की काय होतंय ते." मी तिला समजावलं की वापरणाऱ्या विभागाचं मत शेवटी चाचणीच्या वेळी घेतात. तिनं वांगं उलटून पाहिलं आणि दुसरं हातात घेतलं. शारदाला संगीताची आवड नाही. रविवारी बरोबर नऊ वाजता ती पिशवी घेऊन गडियाहाटला भाजीला जाते ती बाराला परतते, आणि तीन तासांत आणते काय, तर दोन वांगी आणि कोथिंबीर.

एस्प्लनेडला उतरून चांदनीच्या बाजारात शिरलं की विजेचं जे मागाल ते मिळतं. सीलबंद कोटेशन मात्र मिळत नाही. पहिल्या दुकानदारानं कोटेशन देण्याआधी मला विचारलं की आपण कोणत्या शाळेकडून आलात. दुसऱ्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर किंमत लिहून माझ्या हातात कोंबली. ती मी वाचली नाही, मान फिरवून घेतली. लिफाफा आणि डिंक मी घरून नेलेलेच होते. त्याच्याकडूनच चिकटवून घेतलं. तिसरं दुकान सुबीर पालचं. साठीचा माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं माझं तपशीलपत्र चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, दुकानात बसलेल्या चार जणांना बंगालीत समजावून सांगितलं, त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि मग त्यानं लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, कोटेशन दिलं. असा माणूस आमच्या पुरवठादारांत एकही नव्हता.

घरी जेवणाच्या टेबलावर मी लिफाफे उघडले. शारदा वित्त सदस्य म्हणून हजर होती, म्हणजे पोळ्या लाटत होती. सर्वांत कमी दर तो एल-वन, आणि खरेदी एल-वनचीच करायची, हा नियम. एल-वन निघाला व्हिजिटिंग कार्डवाला. सुबीर पाल सर्वांत महाग. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. फक्त चाचणी बाकी होती.

मधुकर एस्प्लनेडला यायला तयार होईना. मी कारण सांगितलं नाही, फक्त जुन्या रेडिओचं दुकान सापडलंय म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं. तो आला. बरा दिसत होता, उलट माझ्यापेक्षा तरतरीत. त्याच्याशी बोलताना मी आवाज चढवला, तर तो दोन पावलं मागे सरकला. मला गलबलून आलं. म्हटलं, बिचाऱ्याला ऐकू येत नाही आणि लाजही वाटते.

सुबीर पालच्या दुकानात तिन्ही ॲम्प्लिफायर टेबलावर ओळीनं मांडलेले होते. तीन वेगळ्या दुकानांचा माल एका टेबलावर कसा, असं मी विचारलं. तर बाकीचे दोघे दुकानदार तिथेच बसलेले होते. सीलबंद निविदा भरणारे माझे तिन्ही बोलीदार एकाच किटलीतला चहा पीत होते. कार्डवाला सुबीरचा मेहुणा निघाला. नोकरीत असतो तर तिघांनाही काळ्या यादीत टाकलं असतं. इथे त्यांनी मलाही एक भांड दिलं, मातीच्या त्या चिमुकल्या पेल्यातला चहा मी प्यायलो आणि चाचणी सुरू केली.

मधुकरच्या डोक्यावर हेडफोन चढवले. मी मोबाइलवर ललतची ती रेकॉर्ड लावली, जी आम्ही दोघांनी निदान दोनशे वेळा ऐकली असेल. मधुकरनं डोळे मिटले. पहिला ॲम्प्लिफायर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येक वेळी त्यानं खूण करून सांगितलं की थांबू नको, पूर्ण वाजू दे. तासाभरानं त्यानं हेडफोन काढले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दत्ता," तो म्हणाला, "यात मागे सारंगी आहे."

मी म्हटलं, आहेच, मी तर तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"तू सांगितलंस. मी आज ऐकली."

मला अभिमान वाटला. त्याचे कान गेले होते याची खात्रीच झाली. आता प्रश्न एवढाच की, कोणत्या यंत्रावर जास्त स्पष्ट ऐकू आलं? मधुकर म्हणाला, सगळ्यांवर सारखंच. मी म्हटलं, असं कसं, तपशीलपत्रात फरक आहेत. तेव्हा सुबीर पालनं चहाचं भांड खाली ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "आपका दोस्त का कान एकदम ठीक है. आप तो पूरा गाना में बात करता रहा."

मी म्हटलं, मी कुठे बोललो? तिन्ही बोलीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. या एका बाबतीत त्यांचं साटंलोटं नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल. मी मधुकरकडे पाहिलं. तो हेडफोनची वायर नीट गुंडाळत होता.

"माझ्या कानांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "गाणं लागलं की तू सुरू होतोस. आता बघ कसा समेवर येतो, आता बघ निषाद, हा तबलजी कोणाचा भाचा. बत्तीस वर्षं. मी बोटानं खूण करून पाहिली."

"मला वाटलं, तू ताल मोजतोयस."

"ते मला कळलं. पालथ्या घड्यावर पाणी. तू वाईट सांगतोस असं नाही रे. पण सत्तरी उलटली, दत्ता. म्हटलं, उरलीसुरली गाणी तरी पूर्ण ऐकावीत. तुला तोंडावर सांगवेना, म्हणून कानांवर ढकललं."

मला राग आला. मला आधी रागच येतो, सोपा असतो म्हणून. मी तिघा बोलीदारांना सांगितलं की खरेदी रद्द, आणि मधुकरला तिथेच सोडून मेट्रोत बसलो. कालीघाटपर्यंत मी मनात त्याला बरंच सुनावलं. ज्ञान फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही. पण कालीघाटला गाडी थांबली आणि माझ्या लक्षात आलं की मी ओठ हलवतोय आणि समोरची बाई माझ्याकडे बघतेय. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी ऑफिसात दुसऱ्यांना म्हणत असे.

घरी शारदाला सगळं सांगितलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिनं पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

पुढचे चार दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. शारदा म्हणाली, घर कसं शांत वाटतंय, आणि मग तिलाच वाईट वाटलं, तिनं साबुदाण्याची खिचडी केली. मला खरंच फार लागलं होतं. मधुकर खोटं बोलला म्हणून नाही. मी त्या तीन तासांत त्याला काहीतरी देतोय असं समजत होतो, आणि तो बिचारा लोकलनं येऊन, तीन तास ते सोसून, वर "छान झालं रे" म्हणून जात होता. बत्तीस वर्षं. दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच रविवारी पळाला असता. असा मित्र गेला तर मी या वयात दुसरा कुठून आणणार? त्याला तीन कोटेशनं येत नाहीत. एकसुद्धा येत नाही.

शुक्रवारी मी एकटाच सुबीर पालकडे गेलो. त्याचा ॲम्प्लिफायर महाग का होता ते आता मी विचारलं. त्यानं तो उलटा करून दाखवला: हेडफोन लावायला दोन जागा होत्या, एकाच वेळी दोघांना ऐकता यावं म्हणून. माझ्या आठ कलमांत ही गोष्ट कुठेच नव्हती. मी तो घेतला, आणि वर तसलेच दुसरे हेडफोनही घेतले. आयुष्यात पहिल्यांदा एल-वन डावलला. रात्रीच्या जेवणाला वित्त सदस्यांनी लेखी कारण मागितलं, तेव्हा मी किराणाच्या यादीखाली लिहून दिलं: ऐकणारे दोन आहेत. ती वाचून तिनं यादी घडी करून डब्यात ठेवली.

मग मधुकरला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, मी बोलणार नाही.

"तुला जमणार नाही," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे. म्हणून सोय केली आहे."

रविवारी नऊला तो आला. शारदा पिशवी घेऊन निघालीच होती. टेबलावर मोबाइल, त्याला तो काड्यापेटीएवढा ॲम्प्लिफायर, आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. दोघांनी हेडफोन चढवले. मी मुद्दाम एक लांबलचक तोडी लावली, तीही आमची जुनीच.

आलाप सुरू झाला आणि माझं तोंड उघडलं. मी बोललोही. पण मला माझंच बोलणं ऐकू येईना, नुसता जबडा हलत होता. मधुकरनं डोळे मिटलेले. आपण बोलतोय आणि ते आपल्यालाही ऐकू येत नाही, यात कसली मजा? दोन-चार वाक्यांनंतर मी बंद झालो. पुढची चाळीस मिनिटं काय झालं ते मला सांगता येणार नाही. असं मी एखाद्या रेकॉर्डबद्दल पहिल्यांदाच म्हणतोय. एवढंच आठवतं की मध्ये एकदा गवयी श्वास घेतो, तो मला ऐकू आला, आणि माझाही श्वास अडकला.

गाणं संपलं. मधुकरनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले, माझेही स्वतःच्या हातानं काढले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हं," तो म्हणाला. "आता सांग."

इतक्या वर्षांत त्यानं मला बोल असं कधी म्हटलं नव्हतं. तो वाट बघत होता. मला त्या तोडीबद्दल तास-दीड तास बोलता येतं, लोकांना ठाऊक आहे. मी तोंड उघडलं, पण आतून काही येईना.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.