उकळलेली दाढ

माझ्या सासूबाईंना माझ्या हातचं मानवत नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे जाहीर केलं आणि तेव्हापासून त्या शब्दाला जागल्या आहेत. माझी भाजी खाल्ली की त्यांचं पोट फुगतं, सूप प्यायलं की घसा धरतो. आणि गंमत अशी की माझी नोकरीच मुळी खायला घालण्याची आहे.

मी प्रयोगशाळेत दातांतल्या पेशी वाढवते. दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्या गरात थोड्या मूळ पेशी असतात. त्या नीट जगल्या तर त्यांच्यापासून हाड तयार करता येईल आणि कधीतरी कुणाचा झिजलेला जबडा भरून निघेल, अशी आमची आशा. त्यासाठी नुकताच काढलेला, आतला गर जिवंत असलेला दात लागतो. मग त्या पेशी उबदार कपाटात ठेवायच्या आणि त्यांचं गुलाबी पोषक पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. याला आम्ही सरळ ‘जेवण देणं’ म्हणतो. माझ्या पहिल्या पेशींना बुरशी लागली, दुसऱ्या नुसत्याच मेल्या. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “आता शेवटचं. नाही जमलं तर तुझं काम बंद, कपाट दुसऱ्या गटाला, आणि तू अहवाल लिहायला बस.”

नेमकी तेव्हाच सासूबाईंची अक्कलदाढ ठणकायला लागली. खालच्या दोन्ही दाढा आडव्या उगवलेल्या, आणि दातांचे डॉक्टर केव्हापासून दोन्ही काढून टाका म्हणत होते. सासूबाई त्या खुर्चीला घाबरतात, पण कबूल करत नाहीत. “वेळ कुठाय?” म्हणतात. या वेळी मात्र दुखणं असह्य झालं. मी लाज सोडून दाढ मागितली.

“आईकडे अक्कल भरपूर आहे, एक दाढ गेली तर काही बिघडत नाही,” नवरा म्हणाला. सासूबाईंना तोंड उघडवत नव्हतं म्हणून वाचला.

मी त्यांच्या हातात औषधी पाण्याची बाटली दिली. दाढ निघाली की लगेच हिच्यात टाका आणि पाठवून द्या, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. दुपारी नवरा प्रयोगशाळेत आला तो इस्त्रीचा रुमाल घेऊन. रुमालात दाढ, मोत्यासारखी पांढरीशुभ्र.

“बाटली कुठाय?”

“आई म्हणाली, रक्ताने माखलेली दाढ चार लोकांत पाठवायची म्हणजे घराची शोभा. आधी घरी नेली, ब्रशने घासली, साबण लावला आणि मिठाच्या पाण्यात खळखळून उकळली.”

मी कपाळावर हात मारला. संध्याकाळी घरी गेले ती फणफणतच.

“आई, ती जिवंत होती!”

सासूबाई गालाला बर्फ लावून बसल्या होत्या. “मला काय माहीत? बाहेरून आलेली वस्तू माणूस धुऊनच घेतो.”

“बाहेरून? तुमच्याच तोंडातून आली होती!”

माझं काम गेलं, एवढंच मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांनी गालावरचा बर्फ खाली ठेवला. मग म्हणाल्या, “त्या खुर्चीत मी परत बसणार नाही हं. आधीच सांगून ठेवते.” मी मागितलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी कपाट आवरत होते, तेव्हा दारात सासूबाई. दुसरा गाल टम्म फुगलेला, तोंडात कापूस, आणि लांब धरलेल्या हातात माझी बाटली. तळाशी दाढ, रक्ताने माखलेली.

“उअअअ आई,” त्या म्हणाल्या.

“काय?”

त्यांनी कापूस गालात सारला आणि रागाने म्हणाल्या, “धुतली नाही!”

एकट्याच गेल्या होत्या. दोनदा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेल्या आणि आपल्या आपणच परतल्या, हे मला नंतर दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

सुरुवातीला पेशी नुसत्या तरंगत होत्या. माझा जीव टांगणीला. मी जेवण देत राहिले. मग एका सकाळी त्या तळाला चिकटलेल्या दिसल्या, हातपाय पसरून, ऐसपैस. विभागप्रमुख बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाल्या, “कपाट राहू दे तुझ्याकडे.”

त्याच दिवशी मी सासूबाईंना घेऊन आले. त्यांनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“या माझ्या?”

“तुमच्याच.”

“पसारा केवढा घातलाय! खायला कोण देतं?”

“मीच.”

“मीठ असतं त्यात?”

“थोडं.”

“बेताने घाल.” पुन्हा डोळा लावला तो काढीचनात. मागे लोक खोळंबले. मी हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्या वर न बघताच, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

“तुझ्या हातचं मानवलं की गं मला.”